आगरकर नव्हेत, आघारकर!

पुण्यात लॉ कॉलेजच्या परिसरातून जाणाऱ्या एका रस्त्याला गोपाळ गणेश आगरकरांचे नाव आहे आणि त्याच रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था उभी आहे. दोन्ही आडनावे कानाला इतकी जवळची वाटतात, की संस्था समाजसुधारक आगरकरांच्या नावाने निघाली असावी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ‘सुधारक’कार आगरकर १८९५ साली वारले, तेव्हा ज्यांचे नाव या संस्थेला मिळाले ते शंकर पुरुषोत्तम आघारकर दहा वर्षांचे होते. वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या आघारकरांनी निवृत्तीनंतर पुण्यात एक विज्ञानसंस्था उभी केली. त्या संस्थेत आज गहू, द्राक्षे, सोयाबीन यांच्याबरोबर नॅनोकणांवरही संशोधन चालते. पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या कोकणातल्या ज्या मुलामुलींना उन्हाळ्याच्या सुट्टीत खऱ्या प्रयोगशाळेत काम करून पाहायचे आहे, त्यांनी आघारकरांची गोष्ट माहीत करून घ्यायला हवी. त्यांना आज मिळू शकणाऱ्या संधीशी या माणसाचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

मालवण ते मुंबई

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणात झाला. मालवण आज सिंधुदुर्गात आहे. पण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्याआधी बाणकोटपासून रेडीपर्यंतची सारी किनारपट्टी रत्नागिरी जिल्ह्याचीच होती. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. पुढे शिकायचे तर बोटीने मुंबई गाठायची किंवा घाट चढून देशावर जायचे. मुंबई विद्यापीठात विज्ञानाचे शिक्षण मिळत होते, पण ते प्रामुख्याने पुस्तकी. पदवीधरांना वकिली, सरकारी नोकरी किंवा शाळामास्तरकी खुली असे. संशोधन हा पोट भरण्याचा उद्योग असू शकतो, असे मानणारे फारच थोडे होते.

आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि पुढे तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. शिकवता शिकवता त्यांनी सह्याद्री पालथा घालायला सुरुवात केली. वनस्पती गोळा करायच्या, ओढ्या-डोहांतले जीव बाटलीत भरायचे, त्यांच्या नोंदी ठेवायच्या, असा त्यांचा क्रम होता. त्या काळी प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांच्यात आजच्याइतकी पक्की भिंत नव्हती. समोर दिसेल ते नीट पाहणे, हेच शास्त्रज्ञाचे पहिले काम मानले जाई.

डोहातले पाहुणे

याच भटकंतीत, साताऱ्याच्या बाजूला कोयनेच्या खोऱ्यात, आघारकरांना एक अगदी अनपेक्षित जीव सापडला. तो जेलीफिश होता. जेलीफिश म्हटले की समुद्र आठवतो. मालवणच्या किंवा मिऱ्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या आगेमागे वाळूत पडलेले पारदर्शक गोळे कोकणातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतात. पण हा जेलीफिश गोड्या पाण्यातला होता, तोही समुद्रापासून दूर, घाटमाथ्यापलीकडच्या नदीत. छत्रीएवढे शब्दही त्याला मोठेच. त्याची घंटेसारखी छत्री जेमतेम नखाएवढी असते आणि काचेसारख्या शरीरामुळे तो पाण्यात असूनही नजरेतून निसटतो.

गोड्या पाण्यातला या जातकुळीचा जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होता. टांगानिका सरोवरात तो सापडल्याने युरोपातल्या प्राणिशास्त्रज्ञांत मोठी चर्चा झाली होती. त्याचाच भाऊबंद पश्चिम घाटात निघाल्यावर प्रश्न उभा राहिला की दोन खंडांत इतक्या अंतरावर एकच कूळ पोहोचले कसे? कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी या जीवाचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असे नाव मिळाले. १९११-१२च्या सुमारास ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकातून ही बातमी शास्त्रज्ञांपर्यंत गेली. म्युझियममधले एफ. एच. ग्रेव्हली यांच्यासोबत आघारकरांनी या जेलीफिशच्या सवयी आणि तो कुठे कुठे आढळतो, यावर शोधनिबंधही लिहिला.

हा जीव वर्षाचे बारा महिने छत्रीच्या रूपात नसतो. एरवी तो दगडांना चिकटलेल्या अतिशय बारीक, बिनछत्रीच्या अवस्थेत राहतो. पावसाळ्यापूर्वी, नदीची धार बारीक होऊन डोह उरतात आणि पाणी तापते, तेव्हा त्या अवस्थेपासून पोहणाऱ्या छत्र्या सुटतात. म्हणजे तो शोधायचा तर उन्हाच्या दिवसांतच नदीकाठ धुंडाळायला हवा. कॉलेजांना सुट्टी लागते तेही नेमके हेच दिवस.

या शोधातला धडा आजच्या विद्यार्थ्याला उपयोगी आहे. आघारकरांपाशी मोठे यंत्र नव्हते. नमुना ओळखण्याइतकी नजर होती, तो जपून ठेवण्याची शिस्त होती आणि ज्याला त्याचे मोल कळेल अशा माणसापर्यंत तो पोहोचला. यातला तिसरा दुवा तुटला असता, तर कोयनेतला जेलीफिश आणखी काही वर्षे अनाम राहिला असता. छोट्या गावातल्या हुशार मुलांचे नेमके इथेच अडते. त्यांच्याकडे नजर असते, मेहनत असते. पण तो नमुना, तो प्रश्न घेऊन जायचे कुणाकडे, हे सांगणारे कुणी नसते.

दहा लाखांची देणगी आणि एक युद्ध

त्याच सुमारास कलकत्त्यात एक मोठी घडामोड चालू होती. नामवंत वकील रासबिहारी घोष यांनी १९१३ साली कलकत्ता विद्यापीठाला विज्ञानशिक्षणासाठी दहा लाख रुपये दिले. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांना विद्यापीठ केवळ परीक्षा घेणारे न राहता संशोधन करणारे हवे होते. तारकनाथ पालित आणि घोष या दोघा देणगीदारांनी अट घातली होती, की या पैशातून नेमले जाणारे प्राध्यापक हिंदी असावेत. घोष यांच्या देणगीतून ज्या प्राध्यापकपदांची निर्मिती झाली, त्यांत वनस्पतिशास्त्राचे पद आघारकरांना मिळाले. भौतिकशास्त्राचे पद देवेंद्र मोहन बोस यांना मिळाले. पद मिळाल्यावर परदेशी जाऊन अद्ययावत संशोधनाचे शिक्षण घ्यायचे, अशी सोय होती.

आघारकर बर्लिनला अ‍ॅडॉल्फ एंगलर यांच्याकडे गेले. वनस्पतींचे वर्गीकरण आणि पृथ्वीवरचा त्यांचा प्रसार या विषयांत एंगलर यांचा शब्द त्या वेळी प्रमाण मानला जाई. पण १९१४च्या उन्हाळ्यात पहिले महायुद्ध पेटले. जर्मनीच्या दृष्टीने ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन हे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. शिकायला आलेल्या आघारकरांच्या वाट्याला स्थानबद्धता आली. तिकडे देवेंद्र मोहन बोसही बर्लिनमध्येच अडकून पडले. दोघांना मायदेशी परतायला काही वर्षे वाट पाहावी लागली.

परदेशात, शत्रू म्हणून, तिशीतली ऐन उमेदीची वर्षे अशी गेली. तरीही आघारकरांनी डॉक्टरेट पुरी केली. त्यांचा विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीतल्या वनस्पती आणि त्यांच्या बिया दूरवर पोहोचण्याची साधने. काही बियांना वाऱ्यावर तरंगण्यासाठी पंख किंवा केस असतात, काहींना जनावरांच्या अंगाला चिकटण्यासाठी आकडे असतात, काही पक्ष्यांच्या पोटातून प्रवास करतात. या साधनांवरून एखाद्या प्रदेशातली झाडे मूळची कुठली आणि ती कोणत्या वाटेने आली, याचा माग काढता येतो. कोयनेच्या जेलीफिशने विचारलेला प्रश्नच इथे वेगळ्या रूपात पुढे आला होता. हा प्रबंध १९२० साली जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

कलकत्त्याची पंचवीस वर्षे

परतल्यावर आघारकरांनी कलकत्ता विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची उभारणी केली. सव्वीसएक वर्षे ते तिथे राहिले. वर्गातल्या व्याख्यानाइतकेच त्यांनी रानात जाऊन अभ्यास करण्याला आणि वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला महत्त्व दिले. संस्था बांधण्याची त्यांना हौस होती आणि त्यासाठी लागणारी चिकाटीही. इंडियन सायन्स काँग्रेसच्या सरचिटणीसपदाचे काम त्यांनी काही वर्षे सांभाळले. देशभरातल्या शास्त्रज्ञांना वर्षातून एकदा एकत्र आणायचे, निबंध मागवायचे, छापायचे, हिशेब ठेवायचे, असे हे बिननावाचे आणि बिनपैशाचे काम असे.

१९३५ साली कलकत्त्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया ही शास्त्रज्ञांची सर्वोच्च सभा स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत आघारकर होते आणि सुरुवातीच्या काळात सचिवपदाची धुराही त्यांनी वाहिली. या संस्थेला १९७० साली इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी हे नाव मिळाले. विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे; त्याचे कारण पुढे येतेच.

कलकत्त्यात आघारकरांच्या डोळ्यांसमोर आणखी एक उदाहरण होते. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली तिथे इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था लोकवर्गणीतून काढली होती. १९०७ साली सरकारी हिशेब खात्यातले एक तरुण अधिकारी त्या संस्थेत आले आणि कचेरीच्या आधी नि नंतर प्रयोग करू लागले. ते होते चंद्रशेखर वेंकट रामन. विद्यार्थिदशेतच पहिला शोधनिबंध प्रसिद्ध करणाऱ्या या तरुणाला उघडे दार आणि मोकळे टेबल मिळाले, आणि त्याच संस्थेत १९२८ साली ‘रामन परिणाम’ सापडला. रामन पुढे कलकत्ता विद्यापीठात आघारकरांचे सहकारी होते. आज नॅनोपदार्थांची कोणतीही चांगली प्रयोगशाळा रामन यांच्या शोधावर चालणाऱ्या वर्णपटमापकाशिवाय पुरी होत नाही. कार्बनचा एकेरी थर कसा आहे, स्फटिकात ताण आहे का, हे त्या यंत्रावर कळते.

महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी

१९४६ साली आघारकर कलकत्त्याहून निवृत्त झाले. वय बासष्ट. आयुष्याचा मोठा भाग बंगालमध्ये गेला होता. त्यांनी पुणे गाठले आणि समविचारी मंडळींसह महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, म्हणजेच महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली. नावावरूनच कळते, की सरकारबाबूंनी कलकत्त्यात जे केले तेच इथे उभे करायचा हा प्रयत्न होता. आघारकर तिचे संस्थापक-संचालक झाले आणि अखेरपर्यंत त्यांनी हे काम मानद म्हणून केले.

देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. मोठ्या राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या योजना आखल्या जात होत्या; पुण्याजवळ राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. त्या मानाने विज्ञानवर्धिनी लहान होती. पैसा तुटपुंजा, माणसे थोडी. पण संस्था वनस्पती, बुरशी, जीवाश्म, पिकांचे वाण अशा विषयांत टिकून राहिली. गहू आणि सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्यांना ‘एमएसीएस’ या अक्षरांनी सुरू होणारे वाण माहीत असतात. ती अक्षरे म्हणजे या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. ती कुठून आली, हे मात्र बियाण्याची पिशवी फोडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

२ सप्टेंबर १९६० रोजी आघारकरांचे निधन झाले. १९९२ साली संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. आज ती केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था आहे आणि नॅनोजीवविज्ञान हा तिच्या प्रमुख संशोधनगटांपैकी एक आहे.

चांदी लहान झाली की

वनस्पतिशास्त्रज्ञाने काढलेल्या संस्थेत नॅनोकण आले कसे, हे समजायला ‘नॅनो’चा अर्थ पाहावा लागतो. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. पदार्थाचे कण शंभर नॅनोमीटरच्या खाली गेले, की त्याचे वागणे बदलते. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घेतला तर त्याचे सगळे पृष्ठभाग मिळून ६ चौरस सेंटिमीटर भरतात. तोच ठोकळा एक नॅनोमीटर बाजूच्या तुकड्यांत कापला, तर एकूण पृष्ठभाग ६ हजार चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ दीड एकर. पदार्थ तेवढाच असतो, पण बाहेरच्या जगाला भिडणारी त्याची बाजू प्रचंड वाढते.

चांदीचे उदाहरण घ्या. ताटातली चांदी पांढरी चकचकीत दिसते. तिचे नॅनोकण पाण्यात विखुरले की द्रावण पिवळे किंवा तपकिरी दिसते, कारण कणांवरचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विशिष्ट लहरींना एकसाथ प्रतिसाद देतात. मोठ्या पृष्ठभागामुळे या कणांतून चांदीचे आयन हळूहळू सुटतात. ते जिवाणूंच्या आवरणाला आणि गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतात आणि जिवाणूचा कारभार बंद पाडतात. भाजलेल्या जखमेत जंतुसंसर्ग हा मोठा धोका असतो. अशा जखमांवर लावायचे चांदीच्या नॅनोकणांचे जेल आघारकर संस्थेत विकसित झाले आणि पुढे औषधउद्योगाकडे गेले. प्रमाण चुकले तर हेच कण आपल्या पेशींनाही इजा करू शकतात आणि सांडपाण्यातून नदीत गेले तर तिथल्या उपयोगी जिवाणूंनाही. म्हणून कण बनवण्याइतकेच महत्त्व त्यांच्या मात्रेच्या चाचण्यांना असते.

जीवसृष्टी स्वतःही नॅनोपदार्थ बनवते. खाडीच्या आणि नदीच्या पाण्यातले डायटम हे एकपेशीय जीव सिलिकाची नक्षीदार डबी तयार करतात. तिच्यावरची छिद्रे नॅनोमीटरमध्ये मोजावी लागतात. भट्टीशिवाय, साध्या तापमानाला, इतकी नेमकी काच घडवणे अभियंत्यांना अजून साधलेले नाही. वनस्पती ओळखणारा आणि पदार्थविज्ञान जाणणारा असे दोघे एका टेबलावर बसल्याखेरीज हा अभ्यास पुढे जात नाही.

दार कुठे आहे?

आता रत्नागिरीच्या विद्यार्थ्यांकडे वळू. इथे विज्ञानाची आणि अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. तरी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा क्ष-किरण विवर्तनमापक अशी महागडी यंत्रे प्रत्येक महाविद्यालयात असणे शक्य नाही. पदवीचा विद्यार्थी जर्नलमधले ठरलेले प्रयोग करतो. त्यांची उत्तरे आधीच छापलेली असतात. ज्याचे उत्तर कुणालाच माहीत नाही असा प्रश्न त्याच्या हातात पडत नाही.

ही उणीव भरून काढायला उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या आहेत. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी या तीन संस्था मिळून अनेक वर्षांपासून विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी असा कार्यक्रम चालवतात. यातली तिसरी संस्था तीच, जिच्या स्थापनेत मालवणचे आघारकर होते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे साधारण दोन महिने काम करता येते आणि त्यासाठी विद्यावेतन मिळते. पदार्थविज्ञान आणि नॅनोतंत्रज्ञानात रस असणाऱ्यांना बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरची उन्हाळी शिष्यवृत्ती आहे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी कार्यक्रम आहे. पुण्यातल्या आयसरसारख्या संस्था आणि आयआयटीही विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात घेतात.

या संधी हुकण्याचे एक नेहमीचे कारण अगदी साधे असते. उन्हाळ्यातल्या कामासाठीचे अर्ज बहुधा हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान भरून घेतले जातात. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर शोधाशोध करणाऱ्याला फारसे काही उरलेले नसते. पात्रतेच्या अटी आणि तारखा दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे त्या त्या संस्थेची अधिकृत सूचना वाचूनच अर्ज करावा. गुणपत्रिका, शिक्षकांचे शिफारसपत्र आणि आपल्याला काय करून पाहायचे आहे याचे पानभर टिपण, ही तयारी दिवाळीच्या सुट्टीतच व्हायला हवी.

त्या टिपणात काय लिहावे? इथेच कोयनेचा जेलीफिश आठवावा. रत्नागिरीच्या आसपास काळबादेवी, मिऱ्या, मालगुंड या किनाऱ्यांवर काळी वाळू आहे. तिच्यात इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियमचे खनिज असते. टायटॅनियम डायऑक्साइड यातूनच मिळवता येतो. पांढऱ्या रंगापासून उन्हापासून बचाव करणाऱ्या मलमापर्यंत त्याचा वापर होतो आणि प्रकाश पडल्यावर पाण्यातली सेंद्रिय घाण विघटित करण्याची त्याच्या नॅनोकणांची क्षमता हा पदार्थ-अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय आहे. खाडीत डायटम आहेत. घराघराला वापरलेला सच्छिद्र जांभा दगड आहे, ज्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे असतात. समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजणारे पत्रे आणि सळया तर प्रत्येक घरात दिसतात. यातल्या कोणत्याही गोष्टीवर विचारलेला एक नेमका प्रश्न, इंटरनेटवरून उचललेल्या भारदस्त परिच्छेदापेक्षा मार्गदर्शकाला अधिक काही सांगून जातो.

दोन महिन्यांत मोठा शोध लागेल, अशी अपेक्षा ठेवू नये. पहिला आठवडा सुरक्षिततेचे नियम आणि वाचन यांतच जातो. मग एकच द्रावण पुन्हा पुन्हा बनवावे लागते. काल पिवळे आले ते आज करडे का आले, याचे कारण शोधावे लागते. कधी पाणी पुरेसे शुद्ध नसते, कधी काचेचे भांडे नीट धुतलेले नसते. यंत्राची पाळी मिळायला चार दिवस थांबावे लागते. नोंदवहीत फसलेला प्रयोगही तारखेसह लिहावा लागतो. या सगळ्यातून विद्यार्थ्याला एक गोष्ट नक्की कळते, ती म्हणजे हे काम आपल्याला आयुष्यभर करावेसे वाटेल की नाही. काहींना ते आवडत नाही आणि ते वेळेत कळणेही फायद्याचेच असते.

महाविद्यालयांनाही यात करण्यासारखे आहे. एका शिक्षकाने हिवाळ्यात या सूचना फलकावर लावल्या, अर्ज भरायला मदत केली, आधी जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांना वर्गात बोलते केले, तरी पुरे. शिक्षकांसाठीही याच कार्यक्रमात जागा असतात. जो शिक्षक स्वतः एक उन्हाळा प्रयोगशाळेत घालवून येतो, त्याला पुढच्या तुकडीला कुणाकडे पाठवायचे, हे आपोआप कळते.

मालवणहून निघालेल्या आघारकरांना संशोधनाचे शिक्षण मिळवायला कलकत्ता आणि बर्लिन गाठावे लागले, त्यात युद्धाची वर्षे गेली. पुढच्यांना एवढे लांब जावे लागू नये, म्हणून त्यांनी साठी उलटल्यावर पुण्यात बिनपगारी काम करत संस्था उभारली. कोकणरेल्वे झाल्यापासून रत्नागिरीहून मुंबई एका दिवसाच्या आत येते, पुण्याला रात्रीची एसटी आहे. पुढच्या उन्हाळ्यासाठीचे अर्ज येत्या हिवाळ्यात निघतील.